जी ओळ मी सात वर्षं लिहिली नाही

आमच्या कारखान्याच्या राउटरवर आज ३९ नियम आहेत. शेवटचा सगळ्यांत लहान आहे: वरच्या कुठल्याही नियमात जे बसलं नाही, ते पुढे जाऊ देऊ नका. तो लिहायला दहा सेकंद लागतात. मी तो सात वर्षं लिहिला नाही. विसरलो नव्हतो, लिहायचा नाही असं ठरवलं होतं. जो मुलगा तो लिहा म्हणून माझ्या मागे लागला होता, त्याला मी चारचौघांत गप्प बसवलं होतं.

हे आता सांगायचं कारण असं की, नाशिकच्या सातपूर आणि अंबडमधल्या ओळखीच्या कारखान्यांत नेटवर्क बघायला मला अधूनमधून बोलावतात, आणि तिथे माझंच जुनं वाक्य मला दुसऱ्यांच्या तोंडून ऐकू येतं. "बाहेर फायरवॉल आहे ना? मग आतले सगळे आपलेच." हे वाक्य मी इतक्या वेळा बोललोय, की ते खोडून काढायची जबाबदारीही माझीच आहे असं मला वाटतं.

२००६ मध्ये मी इथे लागलो तेव्हा सगळं एकाच सबनेटमध्ये होतं, १९२.१६८.१.०/२४. या गटात यंत्रांना वाटता येतील असे पत्ते २५४. त्या काळात ते भरपूर होते. पुढे डिझाइनवाल्यांना दोन-दोन संगणक आले, दारादारांवर कॅमेरे बसले, हजेरीची यंत्रं आली, आणि मग प्रत्येकाच्या खिशातला फोन वाय-फाय मागायला लागला. २०१२ च्या पावसाळ्यात एका सकाळी पहिल्या पाळीच्या निम्म्या लोकांच्या संगणकांना पत्ताच मिळाला नाही. रात्रपाळीच्या लोकांचे फोन सगळे पत्ते अडवून बसले होते. त्या आठवड्यात मी नेटवर्कचे पाच तुकडे, म्हणजे पाच सबनेट केले, आणि पत्त्यातल्या तिसऱ्या आकड्यावरून त्यांना ओळखू लागलो. १० मध्ये हिशेब आणि प्रशासन, २० मध्ये डिझाइन, ३० मध्ये शॉप फ्लोअर, ४० मध्ये कॅमेरे आणि हजेरी, ५० मध्ये पाहुण्यांचं वाय-फाय.

पत्त्यांची टंचाई संपली. लोकांना वाटलं, मी विभाग वेगळे केले. साहेबांनाही तसंच वाटलं, आणि मी त्यांचा समज दुरुस्त केला नाही. खरं म्हणजे मी फक्त गल्ल्यांना वेगळी नावं दिली होती. पाचही सबनेट ज्या राउटरला थेट जोडलेले असतात, त्याला ते पाचही ठाऊक असतात. १० मधून ३० साठी काही आलं, तर ते ३० कडे ढकलणं हेच त्याचं काम. नको असं कुणी सांगितल्याशिवाय तो थांबवत नाही. मी सांगितलं नव्हतं.

न सांगण्यामागे माझा विचार होता. मला तो चांगुलपणाचा वाटत असे. साठ-सत्तर जणांचा आमचा कारखाना माझ्या डोळ्यांदेखत तीनशेवर गेला. एकमेकांच्या लग्नाला जाणारी, एकाच कॅन्टीनमध्ये जेवणारी माणसं. त्यांच्या मध्ये भिंती कशाला घालायच्या? एका बैठकीत मी हे असंच्या असं म्हणालो होतो: आपल्याच माणसांवर अविश्वास दाखवणारं नेटवर्क मला बांधायचं नाही. साहेबांना ते वाक्य फार आवडलं. मलाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात एक मुलगा ट्रेनी म्हणून आला. डिप्लोमा झालेला, गावाकडून रोज एसटीने ये-जा करणारा. दुसऱ्या महिन्यात तो लॅपटॉप घेऊन माझ्या टेबलापाशी आला. लॅपटॉप शॉप फ्लोअरच्या सबनेटमध्ये होता. माझ्यासमोर त्याने त्याचा पत्ता हाताने बदलून १० चा केला, आणि तो हिशेब विभागात जाऊन बसला. राउटरला त्याचा पत्ताही लागला नाही, कारण त्याला राउटरमधून जावंच लागलं नाही. मी पाच सबनेट केले होते, पण ते सगळे एकाच तारेवर, एकाच स्विचवर मिसळून वाहत होते. एकाच स्विचवर तुकडे खरोखर वेगळे ठेवायची व्हीलॅनची सोय १९९८ पासून ८०२.१क्यू या प्रमाणात लिहून ठेवलेली आहे. आमचे स्विच ते करू शकत होते. मी ते केलं नव्हतं.

पुढच्या रविवारी येऊन मी गुपचूप व्हीलॅन लावले. त्याने दाखवलं म्हणून लावले, हे कुणालाही सांगितलं नाही. या सगळ्या हकिकतीत ज्या गोष्टी मला आजही टोचतात, त्यांतली ही पहिली.

दुसरी त्यानंतरच्या महिन्यातली. त्याने एक तक्ता छापून आणला. उभे पाच सबनेट, आडवे पाच सबनेट. कोणी कोणाशी संभाषण सुरू करायची गरज आहे, ते चौकटीत टिक करून दाखवलेलं. स्वतःच्या सबनेटच्या पाच चौकटी सोडल्या तर उरतात वीस. त्यातल्या सात चौकटींत टिक होती. "बाकीच्या तेरा बंद करू या, सर," तो म्हणाला. खोलीत चार-पाच जण होते. मी माझी नेहमीची उत्तरं दिली. प्रत्येक पॅकेट तपासत बसला तर राउटर धापा टाकेल. उद्या कुणाचं प्रिंट निघालं नाही तर फोन मला येईल. आणि शेवटी, आपल्या माणसांवर आपला विश्वास आहे.

तो म्हणाला, "सर, माणसांवर विश्वास ठेवाच. पण कॅमेऱ्यावर कशाला ठेवायचा?"

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. म्हणून मी त्याला विचारलं, "तुला इथे येऊन किती महिने झाले?" तो गप्प बसला. तक्ता माझ्या टेबलावर ठेवून गेला. मी तो ड्रॉवरमध्ये टाकला.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मिराई नावाच्या किड्याची बातमी आली. कारखान्यातून येताना असतो तोच पासवर्ड कायम ठेवलेले कॅमेरे आणि त्यांचे रेकॉर्डर त्याने जगभरात ताब्यात घेतले होते, आणि २१ ऑक्टोबरला त्यांच्याच जोरावर अमेरिकेतल्या डाइन या कंपनीच्या नाव-सेवेवर मारा झाला. मोठमोठी संकेतस्थळं काही तास उघडेनात. त्या मुलाने मला ती बातमी मेलवर पाठवली. वर एक शब्दही लिहिला नव्हता. मी उत्तर दिलं नाही. मार्चमध्ये तो दुसरीकडे लागला.

२७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचं मालवेअर आलं. युक्रेनमधल्या एका करहिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघालेलं ते नुकसान मर्स्क या जहाज कंपनीपर्यंत पोचलं, आणि तिच्याच समूहाचं न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरावरचं टर्मिनल ठप्प झालं. नाशिक भागातला निर्यातीचा माल त्याच बंदरातून जातो, त्यामुळे आमच्या डिस्पॅचमध्ये दोन दिवस दुसरा विषय नव्हता. पुढच्या जानेवारीत मर्स्कच्या अध्यक्षांनी दावोसला सांगितलं, की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले. मी हे सगळं वाचलं आणि माझ्या सोयीचा तेवढा धडा घेतला: अपडेट वेळेवर करा. नॉटपेट्या ज्यातून शिरत होतं, ते विंडोजमधलं छिद्र मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ लाच बुजवलं होतं. आमच्या सगळ्या संगणकांवर ते ठिगळ मी बसवलं. शॉप फ्लोअरवर विंडोज एक्सपीचे चार संगणक होते. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता, पण वॉनाक्राय या किड्यानंतर अपवाद म्हणून त्याच वर्षी मे महिन्यात त्यासाठीही दुरुस्ती दिली गेली, तीही बसवली. नॉटपेट्या फक्त छिद्रातून शिरत नव्हतं. एका संगणकाच्या मेमरीतून पासवर्ड उचलायचं, आणि मग ठिगळ लावलेल्या संगणकांतही रीतसर दार उघडून जायचं. हेही मी वाचलं होतं. वाचून पुढे गेलो.

नोव्हेंबर २०१९ मधल्या एका गुरुवारी अकाउंट्समधल्या ताईंनी मेलमधून आलेली एक फाइल उघडली. ट्रान्सपोर्टचं बिल दिसत होतं. दिवसाला तीस-चाळीस बिलं उघडणं हेच त्यांचं काम. उघडल्यावर काहीच झालं नाही, म्हणून त्यांनी ती बंद केली. सोमवारी सकाळी सहाला शॉप फ्लोअरच्या सुपरवायझरचा फोन आला, की पडद्यावर इंग्रजीत पैसे मागणारी चिठ्ठी आहे.

१४० पैकी ६१ संगणक गेले होते. हिशेबाचे बारा, त्यांच्यासोबत टॅलीचा सर्व्हर. डिझाइनचे जवळजवळ सगळे. शॉप फ्लोअरवरचे ते चारही एक्सपी. सीएनसी मशीनला प्रोग्राम देणारा संगणक त्यांतलाच. मशीनच्या स्वतःच्या मेमरीत जो प्रोग्राम होता तो चालू राहिला, पण नवा जॉब लावता येईना. बॅकअपचा डबा नेटवर्कवरच होता, १० मध्येच, प्रशासनाच्या संगणकांशेजारी; तोही गेला. वाचली ती फक्त लॉकरमध्ये ठेवलेली एक डिस्क, अकरा दिवसांपूर्वीची. चार दिवस उत्पादन बंद राहिलं.

तिसऱ्या दिवशी बैठक झाली. पहिलाच प्रश्न आला: "ही फाइल उघडली कुणी?"

ताईंनी हात वर केला. एकोणीस वर्षं तिथे काम केलेल्या बाई. कुणी ओरडलं नाही, पण पुढचा अर्धा तास सगळे त्यांच्याशीच बोलत होते: पाठवणाऱ्याचा पत्ता बघायला हवा होता, शंका यायला हवी होती, विचारायला हवं होतं. मी कोपऱ्यात होतो. मी एक वाक्य बोलू शकत होतो, आणि ते मला त्याही वेळी ठाऊक होतं: त्यांनी उघडली ती फाइल अकाउंट्सची होती, ती शॉप फ्लोअरपर्यंत पोचली ते माझ्यामुळे. मी ते बोललो नाही. दोन महिन्यांनी ताईंनी अकाउंट्समधून स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. "आता मेल उघडायची भीती वाटते," म्हणाल्या.

बैठकीच्या रात्री मी राउटर उघडून बसलो. तो व्हायरस कोणत्या वाटेने गेला हे शोधायचं होतं. राउटरला सांगता येईना. नियमच नव्हते, म्हणून नियमांपुढचे आकडेही नव्हते, नोंद नव्हती. शेवटी एकेका विंडोजच्या लॉगमधून वाट जुळवली. १० मधून २० कडे ४४५ या पोर्टने, फाइल शेअरिंगच्या वाटेने. १० मधून ३० कडे ३३८९ ने, म्हणजे रिमोट डेस्कटॉपने. सगळ्या संगणकांवर ॲडमिनचा पासवर्ड एकच ठेवलेला, तोही मीच. मग ड्रॉवरमधून मी तो तक्ता काढला. १० च्या ओळीत २० खालची चौकट रिकामी होती. ३० खालचीही रिकामी. त्या मुलाने तीन वर्षांपूर्वी बंद करू या म्हणून सांगितलेल्या दोन वाटांनी सगळं झालं होतं.

माझं मत त्या रात्री बदललं. भीतीने बदललं असं लोक समजतात, तसं नाही. ताईंची चूक बारा संगणकांएवढी होती. मी ती एकसष्टांएवढी केली होती. एका माणसाच्या एका क्लिकवर अख्खा कारखाना उभा करून ठेवायचा, आणि त्याला विश्वास म्हणायचं, हे मी सात वर्षं करत आलो होतो. माणसावर खरोखर विश्वास असेल तर त्याला चुकायला जागा द्यावी लागते. मी त्यांना अशी जागाच ठेवली नव्हती. त्यांनी रोज चाळीस बिलांत एकदाही चुकायचं नाही, यावर तीनशे जणांचा पगार अवलंबून ठेवला होता.

माझे वडील बागलाणचे. मोसम आणि आरम नद्यांच्या काठी तिकडे फड पद्धतीने पाणी देतात. फार जुनी रीत आहे. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या, आणि प्रत्येक फडाला पाळीने पाणी. ते सोडणारा-बांधणारा पाटकरी गावाने नेमलेला. लहानपणी मी त्याच्यामागे हिंडलोय. एखाद्या फडाची चारी तो मातीने बंद करायचा, तेव्हा त्या शेतकऱ्याचा अपमान झाला असं कुणाच्याही मनात यायचं नाही. कुणाला पाणी हवं, किती, कधी, हे सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असायचं. पाट जोडतो, आणि जोडतो म्हणूनच त्याला फळ्या लागतात. हे डोळ्यांसमोर पाहून वाढलेल्या माणसाने नेटवर्कवर मात्र सगळ्या चाऱ्या उघड्या टाकल्या, याचं मला राहून राहून वाईट वाटतं.

काम कसं केलं, ते जरा तपशिलात सांगतो, कारण "सबनेटमधली वाहतूक बंद करा" हे म्हणायला सोपं असतं आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला की लोक सगळं काढून टाकतात.

आमचा राउटर मायक्रोटिकचा. आत लिनक्सच आहे. नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला लागू पडतो तो निकाल. म्हणून क्रम हाच अर्धा नियम. सगळ्यांत वर मी ठेवला: आधीच मान्य झालेल्या संभाषणाचा भाग असलेलं पॅकेट सरळ जाऊ द्या. राउटर प्रत्येक संभाषण लक्षात ठेवतो, हे माझ्या उमेदीच्या काळात नवं होतं. लिनक्समध्ये ही सोय जानेवारी २००१ च्या २.४ आवृत्तीपासून आहे. त्याआधीच्या याद्या प्रत्येक पॅकेट सुटं बघायच्या, त्यामुळे जाण्याचा एक नियम आणि परत येण्याचा दुसरा लिहावा लागे, आणि परतीच्या नियमातून नको ते आत यायचं. आता प्रश्न एवढाच उरतो, की बोलायला सुरुवात कोण करणार. मनुष्यबळ विभागाचा संगणक हजेरीच्या यंत्राला ४३७० पोर्टवर हाक मारेल आणि यंत्र उत्तर देईल. यंत्राने आपणहून कुणालाही हाक मारायची नाही. कॅमेऱ्यांनी तर मुळीच नाही. त्यांना वेळ जुळवायला १२३ पोर्टने राउटर पुरतो.

राउटर धापा टाकेल ही माझी भीतीही खोटी निघाली. बहुतेक पॅकेटं पहिल्याच नियमाला निघून जातात, खालची यादी फक्त नव्या संभाषणाला वाचावी लागते. प्रोसेसरवरचा भार मी आधी आणि नंतर मोजला. नजरेत भरावा असा फरक नव्हता. २०१६ मध्ये हे दहा मिनिटांत मोजता आलं असतं. मी न मोजता बोललो होतो.

दोन ठिकाणी मी अडलो, आणि इतरही तिथेच अडतात असं नंतर पाहिलं. ५० मधून १० कडे जायचं बंद केलं आणि तपासायला पाहुण्यांच्या वाय-फायवरून १९२.१६८.१०.१ ला पिंग केलं. उत्तर आलं! अर्धा तास नियम उलटसुलट करत बसलो. मग लक्षात आलं की १०.१ हा हिशेबातला कुठलाच संगणक नव्हे, तो राउटरचाच एक पत्ता आहे. राउटरमधून पलीकडे जाणाऱ्या पॅकेटांचे नियम फॉरवर्ड साखळीत असतात. राउटरलाच उद्देशून आलेल्यांचे इनपुट साखळीत. दोन्हीकडे लिहावं लागतं, नाहीतर पाहुण्याच्या फोनला राउटरचं लॉगिनचं पान दिसत राहतं. दुसरं असं, की नियम लावल्यावरही एक कॉपी चालूच राहिली. ती आधीपासून सुरू असलेली होती, म्हणून पहिल्या नियमाने सुटत होती. संभाषणांच्या तक्त्यातून ती पुसल्यावर थांबली.

पिंग आणि तिच्या भावंडांना सरसकट बंद करायचीही चूक मी केली. आमची एक लहान शाखा व्हीपीएनने जोडलेली आहे. छोट्या फायली जायच्या आणि मोठी ड्रॉइंगं मध्येच अडकायची. वाटेतल्या अरुंद दुव्यावरून "एवढं मोठं पॅकेट मावत नाही" असा जो निरोप परत यायला हवा, तोच मी अडवून ठेवला होता. तो निरोप आयसीएमपीचाच असतो.

बंद करायच्या आधी मी तीन आठवडे फक्त नोंद ठेवली. शेवटच्या जागी अडवणारा नियम न लावता, जाऊ देणारा पण लिहून ठेवणारा नियम लावला. माझं नेटवर्क मला पाठ आहे अशी माझी समजूत होती. निघालं असं: काही कॅमेरे दर थोड्या वेळाने देशाबाहेरच्या पत्त्यांशी बोलायचा प्रयत्न करत होते. शॉप फ्लोअरचे सुपरवायझर डिझाइनच्या प्लॉटरवर थेट ९१०० पोर्टने प्रिंट काढत होते, आणि ते योग्यच होतं. साहेब केबिनमधून कॅमेरे बघायचे ते फोनवर, पाहुण्यांच्या वाय-फायवरून. एक्सपीचे संगणक फाइल शेअरिंगची एसएमबीची पहिली, जुनाट आवृत्तीच बोलू शकतात, आणि त्यांच्याखातर डिझाइनच्या सर्व्हरवर ती आवृत्ती मीच कधीतरी चालू करून ठेवली होती. आता मध्ये एक वेगळा संगणक आहे. डिझाइन त्याच्यावर प्रोग्राम ठेवतं, एक्सपी तिथून उचलतात, दोघं एकमेकांना दिसत नाहीत.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रात्री शेवटचा नियम लावला. रविवार शांत गेला. बुधवारी दुपारी गेटवरून फोन आला: भंगाराची गाडी काट्यावर उभी आहे आणि वजनाची पावती अकाउंट्सला जात नाही. वजनकाट्याचा संगणक गेटच्या केबिनमध्ये, शॉप फ्लोअरच्या सबनेटमध्ये. भंगाराची गाडी महिन्यातून एकदा येते. माझ्या तीन आठवड्यांच्या नोंदीत ती आलीच नव्हती. ड्रायव्हर दोन तास उन्हात थांबला. मी गेटवर जाऊन बसलो, नियम लिहिला, पावती गेली. काट्यावरचे काका म्हणाले, "मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. पण इतक्या वर्षांत मला कुणी विचारलंच नाही, की बाबा, तुझा हा डबा कुणाशी बोलतो."

त्यानंतर मी तक्ता हातात घेऊन प्रत्येक विभागात गेलो. कॅन्टीनमध्ये, स्टोअरमध्ये, दवाखान्यात. तुमचं यंत्र कुणाशी बोलतं? महिन्यातून एकदा होणारं काय आहे? वर्षातून एकदा? ताळेबंदाच्या वेळी काय लागतं? लॉगमध्ये न दिसलेल्या सहा गोष्टी लोकांच्या तोंडून कळल्या. माणसांच्या मध्ये भिंती नकोत म्हणून जो मी नियम लिहीत नव्हतो, त्या मला नियम लिहिताना पहिल्यांदाच कळलं की आमची माणसं नेमकं काय काम करतात.

याने काय होत नाही, तेही सांगायला हवं. राउटर फक्त त्याच्यातून जाणारं अडवू शकतो. हिशेबाचे बारा संगणक एकाच सबनेटमध्ये आहेत. ते आपसांत स्विचवरून बोलतात, राउटरला ते दिसतही नाही. तशी फाइल आज पुन्हा उघडली गेली, तर ते बारा धोक्यात आहेतच. त्यासाठी प्रत्येक संगणकाच्या स्वतःच्या फायरवॉलमध्ये ४४५ आणि ३३८९ शेजाऱ्यासाठी बंद केलं, ॲडमिनचा पासवर्ड प्रत्येकाचा वेगळा केला. टॅलीच्या सर्व्हरकडे जाणारी वाट तर उघडीच ठेवावी लागते, काम तिथेच चालतं. म्हणून बॅकअपच्या डब्याला सहावा सबनेट दिला आणि दिशा उलटी केली: डबा सर्व्हरकडून माल उचलतो, सर्व्हरला डब्याचा रस्ताच नाही. आणि डिस्क आता लॉकरमध्ये दर आठवड्याला जाते.

२०२० च्या मार्चमध्ये, टाळेबंदी लागायच्या थोडं आधी, मी साहेबांना सगळं सांगितलं; तक्ता, तारखा, ती बैठक. त्यांनी ताईंना बोलावून घेतलं. मी त्यांच्यासमोर म्हणालो, "ताई, त्या दिवशी जे मी बोलायला हवं होतं ते आज बोलतोय. चूक माझी होती." त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "तेव्हा बोलला असतात तर बरं झालं असतं." त्या अजून स्टोअरमध्येच आहेत. परत अकाउंट्सला आल्या नाहीत.

त्या मुलालाही फोन केला. तो आता पुण्यात असतो, त्याच्या हाताखाली पाच जण आहेत. त्याला सांगितलं की तुझ्या सात टिकांच्या आमच्या अकरा झाल्या, पण त्या दोन चौकटी तू बरोबर रिकाम्या ठेवल्या होत्यास. मी माफी मागितली. तो म्हणाला, "सर, काटा राहिला होता माझ्याकडून. मीही काकांना विचारलं नव्हतं."

तुम्ही एखाद्या ऑफिसचं नेटवर्क सांभाळत असाल, तर आज काम सुटल्यावर आपला फोन पाहुण्यांच्या वाय-फायला जोडा आणि हिशेबाच्या सर्व्हरला पिंग करून बघा. मग कॅमेऱ्यांच्या सबनेटमध्ये लॅपटॉप लावून तेच करा. उत्तर आलं, तर एक कागद घ्या, उभे-आडवे रकाने आखा, आणि तो घेऊन उद्या सकाळी आधी गेटवरच्या काट्यापाशी जा.